गाठ आणि गुठळी

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहिलं की कुणीतरी हमखास विचारतं, "रक्ती ठेवलीय का ओ?" पुण्यामुंबईकडच्या माणसाला हा शब्द चटकन उमगत नाही. इथं तो मुंडी, पाया, वजडी यांच्या पंगतीत मानानं बसलेला असतो. बकरं कापताना निघणारं रक्त परातीत धरायचं, घट्ट झालं की सुरीनं वड्या पाडायच्या, उकडायच्या आणि कांदा-लसूण चटणी घालून परतायच्या. खाणारे बोटं चाटत खातात, न खाणारे नाक मुरडतात. आपल्याला काम आहे ते त्या परातीशी. रक्त पडतं तेव्हा लालभडक आणि पळीवाढं असतं. काही मिनिटांत ते काळपट होत जातं, परात कलती केली तरी हलत नाही. आणखी वेळ तसंच ठेवलं तर गोळा आक्रसतो आणि कडेला पिवळसर पाणी सुटतं. त्यात विरजण घातलेलं नसतं, खाली विस्तव नसतो, तरी ते घट्ट होतं.

बकऱ्याच्या अंगात तेच रक्त जन्मभर वाहत होतं, तेव्हा त्याच्या वड्या पडल्या नाहीत. शिरांना आतून एक गुळगुळीत अस्तर असतं आणि त्या अस्तराला लागून वाहणारं रक्त घट्ट होत नाही. अस्तराच्या पलीकडच्या मांसपेशींवर मात्र एक प्रथिन असतं, त्याचं नाव टिश्यू फॅक्टर. एरवी त्याची आणि रक्ताची भेटच होत नाही. सुरी फिरली, शीर उघडली, की रक्त त्या मांसाला लागतं. रक्तातला सातव्या क्रमांकाचा घटक या प्रथिनाला जाऊन चिकटतो, तो दहाव्याला जागा करतो, त्यातून थ्रॉम्बिन तयार होतं आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करतं. धाग्यांच्या जाळीत तांबड्या पेशी अडकल्या की झाली रक्ती. बोट कापल्यावर आपण वाचतो ते याच कारभारामुळं.

रक्ती हा शब्द रक्तावरून आला हे उघड आहे, पण खुद्द रक्त हा शब्द मुळात त्या पदार्थाचं नाव नव्हे. रंज् म्हणजे रंगवणं. त्यावरून रक्त म्हणजे रंगलेलं. अनुरक्त, विरक्त, राग, रंग, रंजन ही सगळी त्याचीच भावकी. शोणित हे शोण म्हणजे तांबड्या रंगावरून, रुधिर हेही तांबडेपणावरूनच, आणि लॅटिनमधला तांबड्यासाठीचा रुबेर हा रुधिराचा लांबचा भाऊ. त्या पदार्थाचं खरं जुनं नाव असृज्, ते संस्कृतातच मागं राहिलं. आपण रंगाचं नाव घेऊन वस्तू ओळखतो. तांबडा रस्सा म्हटल्यावर कोल्हापुरात कुणी 'कशाचा' म्हणून विचारतं का! आजूबाजूच्या खेड्यांत रक्ताचं रगात होतं, आणि दवाखान्यात रगात 'तपासायला दिलेलं' असतं.

आता घट्ट होण्याकडं वळू. इथं मराठीची श्रीमंती दिसते. पाणी गोठतं, तूप थिजतं, दूध विरजतं, सिमेंट बसतं आणि रक्त साकळतं. तूप गोठलं म्हणणाऱ्या सुनेला जुन्या सासवा हसत असत. थिजणं या क्रियापदाची वंशावळ मोठी आहे. संस्कृतात स्त्यै म्हणजे घट्ट होणं, त्यावरून स्त्यान. पतंजलीनं योगाच्या आड येणारे जे नऊ अडथळे सांगितले त्यांत व्याधीनंतर लगेच स्त्यान येतं, म्हणजे मनाचं थिजणं. पाली ग्रंथांत त्याचंच थीन झालं आणि ध्यानाला बसलेल्या भिक्षूच्या सुस्तीला ते नाव मिळालं. आपल्याकडं थंडीत बरणीतलं खोबरेल थिजतं आणि वाईट बातमी ऐकून माणूस थिजतो, तेव्हा दोन्ही अर्थ मराठीनं सांभाळलेत.

साकळणं हे मात्र खास रक्ताचं. साचून राहणं, एका जागी गोळा होणं हा अर्थ त्यात आहे. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतल्या जुन्या पैलवानांचे कान पाहावेत. रगडारगडीत कानाच्या पाळीला मार बसतो, कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं, वेळेवर काढलं नाही तर तिथंच कडक होतं आणि कानाचा आकार कायमचा मोडतो. त्या कानाचा पैलवानाला अभिमानच असतो. ही झाली शिरेच्या बाहेर साकळलेल्या रक्ताची गोष्ट. शिरेच्या आत साकळलं तर काय म्हणायचं? वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशानं रक्त घट्ट होण्याला रक्तक्लथन, शिरेच्या आत ते झालं तर अंतर्क्लथन आणि ती गुठळी सुटून दुसरीकडं जाऊन अडकली तर अंतर्कीलन असे शब्द योजले. क्लथन आणि इंग्रजी क्लॉट यांचे उच्चार इतके जवळचे, की कुणीतरी मुद्दाम हुडकून जोडी लावली असावी अशी मला शंका येते. क्लथ् हा धातू मात्र संस्कृत कोशांत आहेच, तो कुणी घरी पाडलेला नाही. तरीही शिरेतलं साकळणं असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? इथल्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव ज्यूलियनांनी, 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं. परक्या शब्दांना पर्याय शोधण्याचा तो जोराचा काळ. त्या काळापासून आपल्याला एक खोड लागली आहे. इंग्रजी शब्दाला पर्याय हवा झाला की आपण थेट संस्कृतच्या दारात जातो, वाटेतल्या मराठीच्या घरात डोकावत नाही. परिणाम असा, की दवाखान्यात अंतर्क्लथन कुणीच म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात 'डीव्हीटी', नातेवाईक म्हणतात 'पायात गुठळी झालीय'.

गुठळी. पिठल्यातली, लापशीतली, भावलं नाही तर चमच्यानं मोडता येणारी. आणि तिची जवळपास सख्खी वाटणारी, पण घराणं वेगळं असलेली गाठ. गाठ आली ग्रंथीतून. दोऱ्याची गाठ, लग्नगाठ, गाठीला असलेले पैसे, गाठभेट, गाठोडं. आणि अंगावर येते तीही गाठच. कर्करोग हा शब्द सरकारी फलकावर आणि वर्तमानपत्रात असतो. बोलताना माणसं म्हणतात, "गाठ आलीय, तुकडा तपासायला पाठवलाय." मग आवाज खाली आणून, "तसली नाही ना?" तसली! त्या एका सर्वनामात सगळं आलं.

कर्क कुठून आला याची कथा बहुतेकांना ठाऊक असते, पण अर्धीच. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी या गाठीला कार्किनोस म्हटलं, म्हणजे खेकडा. रोमन लेखक केल्ससनं लॅटिनमध्ये कॅन्सर केलं, त्याचाही अर्थ खेकडाच. आपण त्याचं भाषांतर करून कर्करोग घेतला. खेकडा धरतो तशी ही गाठ धरून ठेवते, सोडत नाही, असं स्पष्टीकरण शाळेत कानावर पडतं. दुसऱ्या शतकातला गॅलेन मात्र वेगळंच सांगतो. स्तनाच्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा दोन्ही अंगांना पसरतात, त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. म्हणजे नावातला खेकडा नांग्यांचा नव्हे, पायांचा. आणि ते पाय म्हणजे रक्तानं भरलेल्या शिरा. आपण कर्करोग म्हणताना खेकडा तेवढा आणला, शिरा तिकडंच राहिल्या.

खेकड्याबद्दल आणखी थोडं, कारण हा प्राणी शब्दांतही तिरकाच चालतो. संस्कृत कर्कट आणि ग्रीक कार्किनोस एकाच कुळातले मानतात, आणि आपला खेकडाही कर्कटाच्याच घरचा. संस्कृतात खेकड्याला दुसरा शब्द कुलीर, त्याचं नातं गोव्या-मालवणातल्या कुर्लीशी लागतं. वराहमिहिरानं ग्रीकांकडून आलेली राशींची नावं नोंदवली त्यांत मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि अशी उसनी नावं आहेत, पण कर्केसाठी त्यानं कुलीर हा घरचाच शब्द ठेवला. त्याच यादीत कुंभ राशीचं ग्रीक नाव ऐकून कानाला आलं तसं लिहिलं गेलं आणि त्याचा झाला हृद्रोग! ग्रीकात त्याचा अर्थ पाणी ओतणारा. कर्केवर रोग चढला तो हिपोक्रेटिसमुळं, कुंभेवर चढला तो निव्वळ कानाच्या चुकीनं.

आपल्या वैद्यांचा शब्द अर्बुद. संख्यावाचक अर्बुद म्हणजे प्रचंड मोठा आकडा, हिंदीतला अरब त्यातूनच आला. अबूच्या पहाडाचं नावही अर्बुद. सुश्रुतानं गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातल्या आकारांनाही घन, पेशी आणि अर्बुद अशी नावं दिली आहेत. आज पेशी म्हणजे आपल्याला सूक्ष्मदर्शकातली पेशी आणि अर्बुद म्हणजे गाठ, पण एके काळी दोन्ही शब्द गर्भाच्या पहिल्या गोळ्याचे होते. निदानस्थानात सुश्रुत अर्बुदाचे प्रकार सांगतो. त्यांतलं रक्तार्बुद वाचताना मी थबकलो. बिघडलेला दोष रक्त आणि शिरा यांना दाबून आक्रसून टाकतो, मांसाचा गोळा भराभर वाढतो, त्यातून सतत रक्त पाझरतं आणि हे बरं होणारं नाही, असा त्याचा आशय. गाठ आणि शिरा यांचा संबंध आपल्या ग्रंथातही होता. तो नावात उतरला नाही, एवढंच.

गाठीचा गुठळीशी संबंध जोडला तो एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी. बुयो यानं 1823 मध्ये त्याकडं बोट दाखवलं होतं. मग पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातल्या आर्मां त्रूसो यांनी 1865 मध्ये छापलेल्या व्याख्यानांत ठाम सांगितलं: पाय पांढरट पडून सुजतो, दुखतो, शिरेत गुठळी सापडते आणि दुसरं कारण दिसत नाही, तेव्हा पोटात कुठंतरी कर्करोग दडला असेल असं समजा. ही पांढरी सूज बाळंतिणींनाही यायची. न उतरलेलं दूध पायात जाऊन साचतं असा युरोपात समज होता. गंमत म्हणजे ग्रीक थ्रॉम्बोस या शब्दाचा अर्थ गुठळी, आणि तो दुधाच्या गोळ्यालाही चालायचा. 1867 च्या सुरुवातीला त्रूसोंच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. आपल्या शिष्याला ती दाखवून त्यांनी सांगितलं की आता माझ्या आजाराबद्दल शंका उरली नाही. त्याच वर्षी 23 जूनला ते पोटाच्या कर्करोगानं गेले.

त्याच्या थोडं आधी जर्मनीत रुडोल्फ फिर्खो यांनी थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे शब्द वैद्यकात रुळवले. ग्रीकात एम्बोलोस म्हणजे आत ठोकलेली पाचर. हाच शब्द त्याआधी शतकानुशतकं पंचांगात होता: वर्षात मध्येच घुसवलेला महिना तो एम्बोलिझमचा महिना. आपण त्याला अधिक मास म्हणतो, आणि बोलताना धोंड्याचा महिना. 2023 चा श्रावण तसाच दोनदा आला. वाटेत येऊन बसलेला धोंडा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत असेल तर माणसाला जावयाच्या वाणाइतकी उसंत मिळत नाही. विश्वकोशाचं अंतर्कीलन या पाचरीचंच भाषांतर आहे. कील म्हणजे खुंटी, खिळा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात सप्तशतीचा पाठ चालतो तेव्हा आधी कवच, अर्गला आणि कीलक म्हणतात. अर्गला म्हणजे दाराचा अडसर आणि कीलक म्हणजे खुंटी. तेव्हा अंतर्कीलन हा शब्द पाठ करणाऱ्या कोल्हापूरकराला तरी अगदीच परका वाटायला नको.

त्याच सप्तशतीत रक्तबीज आहे. थेंबागणिक नवा राक्षस उभा राहतो, म्हणून कर्करोगावर बोलताना वक्त्यांना तो हमखास आठवतो. माझ्या मते उपमा फसवी आहे. गाठीची पेशी रक्त सांडल्यामुळं वाढत नाही. ती रक्त साकळवून घेते आणि त्याचा फायदा उठवते. मघा सांगितलं ते टिश्यू फॅक्टर आठवा, अस्तराच्या पलीकडं राहणारं. अनेक कर्करोगांच्या पेशी ते आपल्या अंगावर भरपूर वागवतात आणि त्यानं माखलेले बारीक बुडबुडे रक्तात सोडतात. मग सुरी लागलेली नसतानाही रक्ताला कापल्याची वर्दी मिळते. काही गाठी म्यूसिन नावाचा चिकट पदार्थ सोडतात, त्याला प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी चिकटतात. मेंदूतल्या काही गाठींच्या पेशींवरचं पोडोप्लॅनिन थेट प्लेटलेटना गोळा करतं. गाठीतून निघणाऱ्या रसायनांनी शिरेचं अस्तरही बिथरतं. काही पांढऱ्या पेशी आपल्याच डीएनएचे धागे बाहेर फेकतात, जंतू पकडायला म्हणून, पण त्या जाळ्यात रक्तही अडकतं. आणि साकळलेलं विरघळवण्याची शरीराची जी सोय आहे, तिलाही गाठ मोडता घालते.

याचा गाठीला लाभ काय? मूळ जागा सोडून रक्तात उतरलेल्या पेशीचा निभाव लागणं अवघड असतं. प्रवाहाचा मार असतो आणि मारेकरी पांढऱ्या पेशी टपलेल्या असतात. प्लेटलेटचा थर अंगावर चढला की ती झाकली जाते, शिरेच्या भिंतीला चिकटायला आधार मिळतो आणि प्लेटलेटमधून सुटणारी द्रव्यं तिला पलीकडं घुसायला मदत करतात. फायब्रिनची जाळी नव्या रक्तवाहिन्यांना मांडवासारखी उपयोगी पडते. हॅरल्ड ड्वोराक या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानं 1986 मध्ये गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटलं ते याच अर्थानं.

कर्करोग असलेल्याला शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण 4 ते 7 पट असतो. शिरेत गुठळी झालेल्या दर 5 जणांमागं साधारण एकाला कर्करोग असतो. स्वादुपिंड, जठर, मेंदू, फुफ्फुस, बीजांडकोश इथल्या गाठी यात पुढं. तंबाखूच्या वेडापायी आपल्याकडं तोंडाचे कर्करोग फार; निपाणीची तंबाखू तळहातावर चुन्यानं मळणारे बापे आणि मिश्री लावणाऱ्या बायका यांना हे सांगायला नको. पण गुठळ्यांच्या बाबतीत तोंडाच्या गाठी त्यातल्या त्यात गरीब. शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणं, केमो आणि मानेजवळच्या शिरेत बसवलेली नळी यांनी धोका आणखी वाढतो. केमोपूर्वी तो मोजण्यासाठी अलोक खोराना यांनी 2008 मध्ये एक गुणपत्रिका मांडली. त्यात गाठीच्या जागेबरोबर वजन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पाहतात. डेंगीच्या साथीमुळं घरोघरी 'पेशी कमी झाल्या' ही भीती बसली आहे. इथं गुण चढतात ते प्लेटलेट साडेतीन लाख किंवा त्याहून जास्त असतील तेव्हा, हे समजावताना डॉक्टरांची दमछाक होते.

गुठळी बहुधा बसते पोटरीत किंवा मांडीत. पोटरी म्हणजे पायाचं छोटं पोट. जोंधळ्याचं कणीस पानाच्या पोग्यात असतं तेव्हाही 'जोंधळा पोटरीला आला' म्हणतात. एकच पाय सुजतो, पोटरी तटतटते, हात लावला तर गरम लागते. घरात पहिली सूचना येते तेल लावून चोळायची. तालमींच्या गावात चोळण्यावर सगळ्यांचा भरवसा! ताजी गुठळी असेल तर चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसाकडं जाण्याचं भय असतं, म्हणून डॉक्टर आधी सोनोग्राफी करून घेतात आणि मग 'रक्त पातळ व्हायचं औषध' देतात. हा आणखी एक शब्द जो जसाच्या तसा घेऊ नये. त्या औषधानं रक्त पातळ होत नाही, परातीत ओतलं तर दिसायला तितकंच दाट दिसेल. त्याचं साकळणं मंदावतं, आणि झालेली गुठळी शरीर सावकाश विरघळवतं. पातळ म्हटल्यामुळं काही जण पाणी कमी प्यायला लागतात. काही जणांना वाटतं अंगातलं रक्तच कमी झालं, मग बीट आणि खजूर सुरू होतात.

साकळणं थांबवणारं औषध सुश्रुताच्या हाताशी होतं, जळवांच्या तोंडात. जलौका म्हणजे पाणी हेच जिचं घर, अशी फोड त्यानंच दिली आहे. जळू चिकटलेली जागा ती सुटल्यावरही वाहत राहते, हे राधानगरीच्या रानात पावसाळ्यात फिरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तिच्या लाळेत रक्त साकळू न देणारं काहीतरी आहे हे हेक्राफ्ट यांनी 1884 मध्ये दाखवलं. पुढं 1916 मध्ये मॅक्लीन या अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला शोधायचं होतं रक्त घट्ट करणारं द्रव्य आणि सापडलं उलटं. पुढं यकृतातून काढलेल्या अशाच द्रव्याला यकृताच्या ग्रीक नावावरून हेपरिन म्हणू लागले. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यांतून काढतात, म्हणजे नाव यकृताचं आणि माल आतड्याचा. कर्करोगातल्या गुठळीवर त्याचंच हलकं रूप वर्षानुवर्षं पहिलं औषध होतं. अलीकडं बऱ्याच जणांना गोळ्याही चालतात. हेपरिनची सुई बेंबीच्या आजूबाजूला कातडीची चिमटी धरून टोचायची असते. घरच्या माणसाला एकदा नर्सनं शिकवलं की तो रोज देतो. औषधाच्या दुकानात कुणी हेपरिन म्हणत नाही. चिठ्ठी पुढं करून 'पोटातलं इंजेक्शन' मागतात, आणि दुकानदाराला ते बरोब्बर कळतं.